पाणी पडेपर्यंत

चैत्रात गावची कावड निघाली की आई चुलीवरचा लोखंडी तवा उतरवत असे, राखेने घासून घेत असे आणि परसदारच्या खुंटीला टांगून ठेवत असे. शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाला पाणी पडून कावडीबरोबर गेलेला आमच्या घरचा माणूस परत उंबऱ्यात येईपर्यंत तो तवा खाली येत नसे. घरी तवा तापला की वाटेवर अनवाणी चालणाऱ्याचे पाय भाजतात, असे आमच्याकडे मानत. त्या दिवसांत घरात भाकरी नसे. सकाळी हुलग्याचे माडगे, दुपारी ज्वारीच्या कण्या आणि ताक, संध्याकाळी उकडलेल्या शेंगा नाहीतर मुटके. खाण्यापेक्षा मला चुकल्याचुकल्यासारखे वाटे ते आवाजाविना. परातीत भाकरी थापल्याचा आवाज आमच्या घराचा श्वास होता, आणि कावड वाटेवर असेपर्यंत ते घर जणू श्वास रोखून धरत असे. मग एखाद्या दुपारी गल्लीच्या तोंडाशी हलगी वाजे, आई तवा खुंटीवरून काढी, आणि आबांनी, माझ्या वडिलांनी, रांजणापाशी पाय धुऊन घोंगडीवर टेकेपर्यंत पहिली थाप ऐकू येई. तीर्थयात्रा देवळाच्या पायरीवर पुरी होते असे लोक समजतात. आमच्या घरी ती त्या थापेने पुरी होत असे.

आमचे गाव विट्याच्या पूर्वेला, माळावर. पाऊस तिथे येता येता विचार बदलतो. शेजारच्या कृष्णाकाठी ऊस उभा असे आणि आमच्याकडे हुलगा, मटकी, थोडी ज्वारी आणि दावणीला चार शेळ्या. अशा कोरड्या गावाने दरवर्षी देवाला पाणी न्यावे, यातली गंमत मला फार उशिरा उमगली. औदुंबरच्या घाटावर कृष्णेचे पाणी तांब्याच्या दोन घागरींत भरायचे, बांबूच्या दोन टोकांना त्या बांधायच्या, वर तुरे, झेंडा, घुंगरे लावायची आणि ते ओझे खांद्यावरून माण तालुक्यातल्या त्या डोंगरावर न्यायचे. मुंगी घाटाने चढणाऱ्या मोठ्या कावडी सगळ्यांना ठाऊक आहेत. आमची कावड साधी, दक्षिणेकडून, दहिवडीच्या वाटेने जाणारी. ती जमिनीला टेकवायची नाही हा पहिला नियम. मुक्कामाला ती झाडाच्या फांदीला टांगत. वाटेतला खांदा घरोघरच्या माणसांनी वाटून घेतलेला असे, आणि शेवटच्या चढाचा खांदा आमच्या घराचा होता. आबा तो चढ चढत, दम लागला तर वाटेत घडीभर खांदा बदलून. कावडीचे कामही त्यांनी शेतीसारखेच केले, काही न बोलता आणि कुणाला दाखवायला न जाता.

दुसरा नियम सुतकाचा. ज्याच्या घरी माणूस गेले आहे त्याने कावडीला हात लावायचा नाही. लावला तर ते पाणी देवाला चालत नाही, सगळ्या गावाची वाटचाल फुकट जाते. मात्र आमच्याकडे सुतक धरत ते ऐकल्या घडीपासून. माणूस कधीही गेलेला असो, बातमी कानावर पडेपर्यंत तुम्ही मोकळे. मी विट्याच्या कॉलेजात जाऊ लागलो होतो आणि या नियमाला हसत असे. कान झाकले म्हणून मरण थांबते का, असे मी एकदा आबांना विचारले होते. ते शेळीच्या पायातला काटा काढत होते. वर न बघताच म्हणाले, मरण थांबत नाही, पण माणसाला तेवढी सवड मिळते. तेव्हा मला ते उत्तर टाळाटाळीचे वाटले होते.

माझा थोरला भाऊ दत्ता, ज्याला मी दादा म्हणत असे, औदुंबरच्या दत्ताला नवस बोलून झालेला होता. आमच्या भागातली पुष्कळ मुले गलाईच्या धंद्यात परमुलखात जात, तसा तोही मिसरूड फुटायच्या आत दूर दक्षिणेत गेला. जुने सोने मुशीत वितळवायचे, तेजाबात घालून शुद्ध करायचे, हे काम. दादा सुट्टीला आला की त्याच्या अंगाला एक उग्र वास येई आणि तो स्वतःच त्याची थट्टा करी, म्हणे सोनं शुद्ध झालं, सोनार तेवढा राहिला. त्या वर्षी मात्र तो फाल्गुनातच आला, सुट्टी नसताना. त्याचा मित्र विलास, आईला मावशी म्हणणारा, त्याला धरून घेऊन आला होता. दादाची छाती कामातून गेली होती. सांगलीच्या डॉक्टरांनी औषधे दिली, घरी ठेवा म्हणाले, आणि त्या सांगण्याचा अर्थ आई सोडून आम्ही कुणी लावला नाही. मधल्या खोलीत, खिडकीखाली, त्याचे अंथरूण होते. रात्रंदिवस खोकला चाले. आई भाकरी थापता थापता थांबे, खोकला सरेपर्यंत हात पिठात तसाच ठेवी, आणि मग पुन्हा थाप पडे. ती दोघे जणू एकमेकांना वाट करून देत होती.

आबांनी नवस केला. दादा उठून बसला तर पुढच्या वर्षी त्याच्या खांद्यावर कावड देईन, आणि यंदा त्याच्या नावाने शेवटचा चढ खांदा न बदलता चढेन. आजही त्या नवसातल्या शब्दांचा मी विचार करतो. त्यात मागणे होते, पण देवघेव नव्हती. आपल्यापाशी देण्याजोगे जे एकच होते, खांदा, ते त्यांनी पुढे केले. आईला ते पटले नाही. कावड निघायच्या सकाळी ती चुलीपुढे बसली होती, तवा अजून चुलीवरच होता, आणि आबा धोतर खोचून दारात उभे होते.

“या साली दुसऱ्याच्या खांद्यावर द्या,” ती म्हणाली. “त्याचं डोळं बघा कसं झाल्यात. देव काय पळून चाललाय व्हय?”

“त्याच्यासाटनंच चाललोय की मी,” आबा म्हणाले.

“त्याच्यासाटनं हितं बसा.”

आतून दादाचा आवाज आला, खोकल्यातून वाट काढत आलेला. “जावा आबा तुमी. मी हाय. येताना तीर्थ आना माझ्यापुरतं. आन सद्याला बी न्या, लय पुस्तकं वाचून त्येचं पाय मऊ पडल्यात.” तो हसला, आणि हसण्याचाच खोकला झाला. आई उठली आणि तिने तवा उतरवला. घासताना ती नेहमीपेक्षा फार वेळ घासत राहिली.

वाटेतले ते दिवस सुखाचे होते, हे लिहिताना आजही मला संकोच होतो. पण होते तसे सांगायला हवे. चैत्राचे ऊन, पायाखाली फुफाटा, बांधावर बहरलेला कडुनिंब, आणि सगळ्यांच्या पुढे घुंगरांचा एकसुरी नाद. आमच्याबरोबर शिरपातात्या होता, म्हातारा, विड्याचा नादी, आणि देवाशी भाऊबंदासारखा भांडणारा. माझ्या तळपायांना फोड आले तेव्हा त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले की ही कॉलेजातली पावलं हायत, वहीवरच चालत्यात. दूरवर डोंगर दिसू लागला की तो हात उंचावून म्हणे, “म्हाद्या, एवढ्या उंचावर बसायला कुनी सांगितलं हुतं रं तुला? आमच्या माळावर जागा न्हवती व्हय?” त्या देवाला आमच्याकडे आदरार्थी बोलत नाहीत. त्याला ‘धाव म्हाद्या’ अशी हाक मारतात, शेतातून घराकडे मारावी तशी. मला वाटे, ही अडाणी सलगी आहे. आता वाटते, ज्याच्याशी असे बोलता येते तोच संकटात माणसाजवळ उरतो. आबा या थट्टेत नसत. मुक्कामाला कावड फांदीला टांगली की ते तिच्याखाली बसत आणि घागरीला हात लावून पाहत, जसा तापातल्या पोराच्या कपाळाला लावतात.

द्वादशीच्या सकाळी आम्ही चढाच्या पायथ्याशी पोचलो. सगळ्या दिशांनी कावडी येत होत्या, हलग्या घुमत होत्या, वर देवळाच्या शिखरापासून बळीच्या देवळापर्यंत बांधलेला शिवपार्वतीच्या लग्नाचा लांबलचक पांढरा पट्टा उन्हात चमकत होता. आबांनी खांद्यावर घोंगडीची घडी ठेवली, कावड घेतली आणि पहिले पाऊल टाकले. एवढ्यात मागून मोटारसायकलचा आवाज आला. विलास होता. गाडी त्याने रस्त्यातच आडवी सोडली. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, आणि तो आमच्याकडे येत होता तो धावत नव्हता, पाय ओढत होता. मला त्याचा चेहरा दिसला. शिरपातात्याने तोंडातला विडा थुंकला. विलास आबांच्या समोर येऊन उभा राहिला आणि त्याने ‘आबा’ एवढाच शब्द उच्चारला.

आबांनी मोकळा हात वर केला. तळहात पुढे, एखाद्या बैलाला थांबवावे तसा.

“थांब,” ते म्हणाले. “पानी पडंस्तवर कायबी सांगू नगंस.”

विलासने माझ्याकडे पाहिले, मग तात्याकडे. दुसऱ्या घरची चांगली धट्टीकट्टी माणसे तिथेच उभी होती. त्यांतल्या कुणीही खांदा दिला असता. कुणी पुढे झाले नाही. आबांनीही कुणाकडे पाहिले नाही. विलास पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात तात्याने त्याचा दंड धरला आणि बाजूला घेतले. आमच्या सगळ्या मेळ्याला कळले होते, आणि कुणीही ऐकलेले नव्हते. मी आबांच्या पाठीशी दोन पावलांवर होतो. माझ्या कानांत काही पडले नव्हते, म्हणून मीही मोकळा होतो. ज्या नियमाला मी हसत होतो त्याच्या आत मी उभा होतो, आणि बाहेर यायची मला इच्छा नव्हती.

आम्ही चढू लागलो. एरवी त्या चढाला सतत आरोळी चालते, एकाने हाक घालायची, बाकीच्यांनी उचलायची. त्या दिवशी आमच्या कावडीमागे कुणाच्या तोंडातून आवाज फुटेना. इतर गावांच्या कावडी गर्जत बाजूने जात होत्या आणि आम्ही मुक्यासारखे चाललो होतो, फक्त घुंगरे वाजत होती. अर्ध्यावर आबांचा पाय घसरला. मी पुढे झालो, खांदा पुढे केला. त्यांनी मान हलवली. त्यांच्या टाचा फुटल्या होत्या आणि खडकावर ओले डाग उमटत होते. मग ते थांबले, वर पाहिले, आणि ज्या माणसाचा आवाज मी उभ्या आयुष्यात चढलेला ऐकला नव्हता त्याने छाती फुटेल अशी हाक घातली, “धाव म्हाद्या!” ती तात्याने उचलली, रडत. मग मी.

आबांनी असे का केले याचा मी आयुष्यभर शोध घेतला आहे. नवसापायी, असे गावाने म्हटले. गावाचे पाणी बाटू नये म्हणून, असे तात्या सांगे. मला जे कळले ते एवढेच. बातमी ऐकेपर्यंत दादा जिवंत होता. त्या चढापुरता, त्या ओझ्यापुरता तो जिवंत होता, आणि बाप त्याला जिवंत ठेवून वर नेत होता. क्षेत्र म्हणजे काय, असे मला कुणी विचारले तर मी पोथीतले सांगणार नाही. जगात अशी एखादी जागा असावी लागते जिथपर्यंत माणसाला आशा खाली न टेकवता नेता येते. तिथे पोचल्यावर ती उतरवून ठेवायचीच असते. शिखर एवढ्यासाठीच उंच आहे.

वर कावडींची रीघ होती. आमची पाळी यायला दुपार कलली. गाभाऱ्यात दोन पिंडी आहेत, शिव आणि शक्ती, शेजारी शेजारी. घागरीतले पाणी दोन्हींवरून वाहिले. आबांनी ते वाहताना पाहिले, कमरेचा लहान तांब्या काढून त्यात तीर्थ भरून घेतले आणि तोंडावर फडके बांधले. दादापुरते. मग ते बाहेर आले, मोठ्या दरवाजाखालच्या पायरीवर बसले, तांब्या मांडीवर धरला आणि विलासला म्हणाले, “हं. सांग आता.”

विलास एका दमात बोलला. “पहाटं गेला, आबा. मावशीनं मला धाडलं. म्हनली, गाडीवर घालून आन दोगास्नी, त्यांनी तोंड बघितल्याबिगार मी उचलू देनार न्हाई.”

आबांनी वर पाहिले. सूर्य डोंगराच्या दुसऱ्या अंगाला झुकला होता. मला आठवते, त्यांनी विचारले ते दादाविषयी नव्हते. त्यांनी विचारले, “थांबली आसंल का रं ती?” विलास पायऱ्या उतरू लागला.

एका गाडीवर तिघे, आबा मध्ये, तांब्या त्यांच्या पोटाशी. रस्ताभर ते तांब्याच्या तोंडावर तळवा दाबून होते, सांडू नये म्हणून. गावात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गल्लीच्या तोंडाशी मी कान दिले, सवयीने, आणि मग मलाच माझी शरम वाटली. घरात चूल पेटली नव्हती. अंगणात शेणाने सारवलेली जागा अजून ओली होती. चैत्राच्या उन्हात माणसे थांबली नव्हती. आई आडवी पडली होती, तिने तिरडीला मिठी मारली होती, पण दिवस मावळायच्या आत उरकायला हवे म्हणून भावकीने तिला सोडवले होते. चुलतभावाने अग्नी दिला होता. आई मधल्या खोलीच्या दारात बसली होती. आबा तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी तो तांब्या पुढे केला.

आईने तांब्याकडे पाहिले. “देवाला पानी घातलंसा,” ती म्हणाली. “लेकाच्या तोंडात कुनी घालायचं हुतं?” आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, “खांदा बदलायला किती येळ लागतो?”

तिने तांब्या घेतला आणि कोनाड्यात ठेवला. तो फेकला असता तर बरे झाले असते, असे मला पुढे कितीदा वाटले.

दुसऱ्या वर्षी कावड निघाली तेव्हा आबांनी पुन्हा शेवटचा चढ घेतला. ते नाही म्हणतील असे गावाला वाटले होते. ज्या सकाळी ते निघाले त्या सकाळी आईने तवा उतरवला नाही. उलट तिने चुलीत जास्तीचे लाकूड सारले आणि भाकऱ्या करत राहिली. खाणारे आम्ही दोघे, आणि दुरडीत उतरंड. ती प्रत्येक भाकरी नीट भाजत होती. मी उंबऱ्यात बसून पाहत होतो, आणि तिला थांबवायचे धैर्य मला झाले नाही. आबा परतले ते तळपाय सोललेले, काठीच्या आधाराने. त्यांनी चुलीवरचा काळा तवा पाहिला. आई परातीवरचा हात थांबवून बसली होती. “उन्हानं भाजलं,” आबा म्हणाले, “यंदा ऊन लय हुतं,” आणि पाय धुवायला गेले. पुढे अनेक वर्षे हेच चालले. ते जात, तिचा तवा तापत राही, ते येऊन उन्हाविषयी बोलत. येताना आणलेले तीर्थ ते त्याच कोनाड्यात ठेवत. ती ते पीत नसे, सांडतही नसे. ते आपोआप आटे, तांब्यात पांढरी रेघ उरे.

मी आईच्या बाजूचा होतो. तरुण माणसाला न्याय फार लवकर करता येतो. आबांशी मी कामापुरते बोलू लागलो, मग कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर लागलो आणि घरी येणे सणापुरते उरले. आबा माझ्याजवळ बसत, बांधावरचे, शेळ्यांचे सांगत, आणि बोलता बोलता कोनाड्याकडे पाहत. त्यांना एक गोष्ट विचारायची असे, हे मला दिसत होते. दादाच्या शेवटच्या घडीला आई एकटी जवळ होती. तो काय बोलला, त्याने कुणाची आठवण काढली, हे तिने कुणाला सांगितले नव्हते. बातमी पुढे ढकलायला ज्याने स्वतः हात वर केला होता, त्याला ते विचारायचा हक्क आपण गमावला असे वाटत असावे. मी त्यांच्या वतीने विचारू शकलो असतो. माझ्या जिभेवर ते कितीदा आले. कुठल्या कठोरपणाने मी ते परत गिळले, याचे उत्तर आज माझ्यापाशी नाही.

आबांचा शेवट ज्येष्ठात झाला. त्या वर्षी ते उठू शकत नव्हते, म्हणून चैत्रातला चढ मी चढलो होतो आणि तीर्थ आणून कोनाड्यात ठेवले होते. मधल्या खोलीत, त्याच खिडकीखाली, ते पडले होते. श्वास लांबू लागला तसे मी त्यांचे डोके मांडीवर घेतले आणि आईला हाक मारली. ती आली ती तांब्या घेऊन. तळाला घोटभर पाणी उरले होते. तुळशीच्या पानाने तिने ते त्यांच्या ओठांत सोडले. मग ती वाकली, कानाशी तोंड नेले, आणि इतकी वर्षे जे मिटून ठेवले होते ते बोलली. खोलीत मी होतो हे तिच्या गावीही नव्हते.

“आवं, ऐकताय न्हवं? दत्ता जाताना तुमास्नी बोलवत न्हवता. त्यो इचारत हुता, आई, कावड चढली का. सारका त्येच इचारत हुता. मी म्हनलं, चढली बाळा, पानी पडलं. मग त्यो निवांत झाला आन गेला.” तिने पदराने त्यांचे तोंड पुसले. “लय उशीर केला मी सांगायला. मला तुमचा राग हुता.”

आबांच्या गळ्यात काहीतरी हलले. ते पाणी होते की ते शब्द, मला सांगता येणार नाही. मी रोज त्याचा विचार करतो आणि रोज वेगळे ठरवतो. पहाटे, आम्ही मुक्कामाला झाडाखाली झोपेत असताना, ती कावड या खोलीत चढून गेली होती, एवढे मात्र खरे. पाणी आमच्याआधी पोचले होते. ते माहीत असते तर आबा कोणत्या पायांनी चालले असते, हा विचार आला की मी उठून बसतो.

पुढच्या चैत्रात मी निघायच्या सकाळी आईने तवा उतरवला, राखेने घासला आणि खुंटीला टांगला.

आता ती कुपवाडला माझ्याकडे असते. गॅसची शेगडी आहे, पण भाकरीचा तवा तोच आहे, गावाहून आणलेला. यंदा ती अंथरुणाला खिळलेली होती. कावड वाटेवर असताना तिने अन्न सोडले, माडग्याचाही घोट घेईना. माझी सूनबाई फोनवर रडकुंडीला आली होती. द्वादशीला पायथ्याशी गर्दी इतकी होती की आमची कावड उन्हात खोळंबून राहिली. मी खांद्याला घोंगडीची घडी लावून उभा होतो, चढाचे पहिले पाऊलही टाकले नव्हते, आणि खिशातला फोन वाजला. सूनबाईने तो आईच्या कानाला धरला असावा.

“सदा,” तिचा आवाज पार खोल गेला होता. “कावड चढली का रं?”

मी वर पाहिले. पांढरा पट्टा चमकत होता. माझ्या पुढे शेकडो माणसे होती.

“चढली, आई,” मी म्हणालो. “पानी पडलं.”

तिला सगळे कळले होते, असे मला वाटते. ज्याने एकदा ते सांगितले आहे त्याला ते ऐकताना ओळखू येणारच.

“बरं झालं,” ती म्हणाली. “मग तवा ठेवायला सांगते.”

मी फोन बंद केला नाही. लोखंड शेगडीवर टेकल्याचा आवाज आला, नळ वाजला, परात सरकली, आणि मग त्या सगळ्या हलग्यांच्या गदारोळात मला अगदी स्पष्ट पहिली थाप ऐकू आली. मग आमची पाळी आली. मी कावड खांद्यावर घेतली आणि चढू लागलो. खडक तापला होता. वर पोचेपर्यंत दोन्ही पाय पोळून निघाले. यंदा ऊन फार होते.